न्याहारी वेगळी करूच नका

प्रश्न : ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते, वय ३६. पाच एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात कपाशी, तूर अन् सोयाबीन. एक म्हैस आहे, तिचं दूध डेअरीला जातं. घरी आम्ही सहा जण. मुलगी तेरा वर्षांची, सातच्या एसटीनं तालुक्याच्या शाळेत जाते. मुलगा नऊ वर्षांचा, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे. दीर पोलीस भरतीची तयारी करतात, पहाटे पाचला डांबरी रोडवर पळायला जातात. मी साडेचारला उठते, आठला आम्ही दोघं शिदोरी घेऊन वावरात. सकाळी सगळ्यांचं चहा-टोस्ट होतं, वेळ मिळाला तर पोहे. दहा वाजले की माझे हातपाय गळतात. मुलगी म्हणते शाळेत डोकं दुखतं. दीर म्हणतात, घरात प्रोटीन कमी पडते, अडीच हजारांचा पावडरचा डबा आणून द्या. मोबाईलवर पाहिलं तर ओट्स, पनीर, बदामाचं दूध. आमच्या गावात पनीर लग्नातच दिसतं. सासूबाई माळकरी आहेत, घरात अंडं शिजत नाही. त्यांना दातही कमी आहेत. सकाळी लाइटचा भरवसा नसतो, म्हणून मिक्सरचं काही सांगू नका. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, तिकडून लाखोळीची डाळ येते. तिचं बेसन रोज वापरलं तर चालते का? आणि गुरुवारी, संकष्टीला काय करू? नाव छापू नका.

उत्तर : ताई, पत्रात घरातल्या सगळ्यांची सकाळ आली, तुमची तेवढी निसटली. ‘सगळ्यांचं चहा-टोस्ट होतं’ त्यात तुम्ही धरून आहात, की सगळं आवरल्यावर गंजात (पातेल्यात) उरलेला चहा उभ्याउभ्या पिऊन निघता, ते कळलं नाही. दुसरंच असावं असा माझा अंदाज आहे आणि पुढचं सगळं त्या अंदाजावर लिहिते आहे.

आधी हातपाय गळण्याचं. ते प्रोटीनमुळेच होतं, असं तुमच्या दिरांसारखं मी ठामपणे म्हणणार नाही. साडेचारला उठलेलं माणूस दोन टोस्टवर दहापर्यंत निंदण करत असेल, तर पोट रिकामं आहे एवढं कारणही पुरतं. पण अंगात रक्त कमी असलं तरी नेमकं असंच होतं, आणि मुलीचं डोकं दुखणंही त्यातलंच असू शकतं. तुम्ही दोघी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. तिथं ते फुकट होतं. तुमचं किंवा मुलीचं १२ च्या खाली निघालं, तर लोहाच्या गोळ्याही तिथंच मिळतील. हे न करता नुसती न्याहारी बदलून बसू नका.

दिरांचं म्हणणं मात्र अगदीच खोटं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये जे प्रमाण दिलं, त्यानुसार मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. तुमचं वजन ५५ किलो धरलं तर ४६ ग्रॅम झाले. तेरा वर्षांच्या मुलीला जवळजवळ तेवढंच, ४३ ग्रॅम लागतं, हे बहुतेक घरांत कोणाच्या लक्षातच येत नाही. तिला आपण अजून लेकरू समजून अर्ध्या पोळीवर पाठवतो. धाकट्याला २३ ग्रॅमच्या आसपास. दिवसाचा तिसरा हिस्सा सकाळी पोटात जावा असं धरलं, तर तुम्हा मोठ्यांना १५ ग्रॅम, मुलीला १४, मुलाला ८. आणि दोन टोस्ट, कपभर दुधाळ चहा यांतून मिळतात साडेतीन-चार. पोह्यांच्या बशीतही तेवढेच, वर मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे) टाकले तर सात-आठ. म्हणजे घाटा आहे, पण तो भरून काढायला डबा आणायची गरज नाही. तुमच्या वावरात निघालेली तूर आणि सोयाबीन बाजारात जाते, म्हशीचं दूध डेअरीला जातं, आणि त्या पैशातून टोस्टचा पुडा घरी येतो. माझी तक्रार काय ती याच व्यवहाराबद्दल आहे.

आता वेळेचं. सकाळच्या घाईत करायला मी एकही नवा पदार्थ सांगणार नाही. तुम्ही पहाटे भाकरी-पोळ्या थापताच, शिदोरीची भाजीही करताच. त्यावर आणखी न्याहारीचा पदार्थ म्हणजे त्या दोन शेगड्यांवर तिसरा सयपाक, आणि तो चार दिवसांच्या वर टिकत नाही. त्यापेक्षा शिदोरीची भाजीच अशी करा की सकाळी सातला तीच ताटात आणि दुपारी वावरात तीच डब्यात. आलू-वांग्याची भाजी रद्द करा असं नाही, पण आठवड्यातले चार-पाच दिवस शिदोरीत चना, मोट (मटकी), मूग, बरबटी (चवळी) नाहीतर बेसन आलं की न्याहारीचा प्रश्न आपोआप सुटतो. भाकरीसोबत खाल्लं की आणखी एक काम होतं. ज्वारी-गव्हाच्या प्रोटीनमध्ये जो घटक कमी असतो तो डाळींत भरपूर असतो, आणि डाळींत जो कमी तो धान्यात असतो. एकाच ताटात दोन्ही आले की शरीराला ते नीट वापरता येतं.

रात्री जेवणं झाली की ३०० ग्रॅम चना, म्हणजे दोन मोठ्या वाट्या, भिजत घाला. एवढ्यात सहा जणांची न्याहारी होते, प्रत्येकाच्या वाट्याला नऊ ग्रॅम प्रोटीन येतं. शिदोरीही त्यातच काढायची असेल तर ४५० ग्रॅम घ्या. सोबत ज्वारीच्या दोन भाकरी खाल्ल्या तर त्यांचे दहा-अकरा. झाले वीस, एका घासाचीही चैन न करता. सकाळी उठल्यावर पाणी फेकून नवं पाणी, मीठ, हळद घालून कुकर एका शेगडीवर चढवा, दुसरीवर भाकरीचा तवा. पाच-सहा शिट्ट्या होईपर्यंत तुमच्या निम्म्या भाकरी होतात. मग जिरं, लसूण, तिखट, भेदरं (टोमॅटो) यांची फोडणी, वरून सांबार (कोथिंबीर). थोडा चना रगडून रश्शात सोडला की तो दाट होतो, वेगळं वाटण लागत नाही, म्हणजे मिक्सरही नको.

मुलं उसळीला तोंड वाकडं करतील त्या दिवशी हेच पोह्यांवर ओता. नागपुरात तर्री पोह्यांच्या गाड्यांवर सकाळी जी गर्दी असते, ती खाते काय? पोह्यांवर चन्याचा रस्साच. त्या बशीतलं प्रोटीन तर्रीतल्या चन्यात असतं, पोह्यांत फारसं नाही. घरी तेलाचा तवंग कमी ठेवा आणि चना जास्त घाला, गाडीवाले नेमकं उलटं करतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं मात्र वेगळं सांगावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर असतो तेव्हा संध्याकाळी भिजवलेल्या चन्याला पहाटे आंबूस वास येतो. त्या दिवसांत झोपायच्या आधी भिजवा, गंज माठाजवळ ओल्या फडक्यानं झाकून ठेवा. रात्रीच शिजवून ठेवायची सोय फक्त हिवाळ्यात. मोड आणायचे असतील तर थंडी-पावसाळ्यातच बरे, उन्हाळ्यात फडक्यात बांधलेली मोट बुळबुळीत होते. मोडांबद्दल एक गैरसमजही सांगून ठेवते. मोड आल्यानं प्रोटीन दुप्पट-तिप्पट होत नाही, जेवढं दाण्यात होतं साधारण तेवढंच राहतं. पचायला हलकं होतं, क जीवनसत्त्व येतं, लोह अंगी लागतं, हे त्याचे खरे फायदे. वेळ नसेल तर मोडांचा हट्ट सोडा. उसळीवर लिंबू पिळलं तरी लोहाचं काम बरंचसं होतं. आणि जेवणासोबतचा चहा तेच काम बिघडवतो, म्हणून चहा उठल्याउठल्या घ्या, न्याहारीसोबत नको.

भिजवायचंच विसरलात तर? विसराल, कारण दिवसभर वावरात राबलेलं माणूस रात्री नऊला झोपेला आलेलं असतं. अशा दिवशी अख्खा मसूर. तो न भिजवताही कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्यांत शिजतो आणि प्रोटीनमध्ये चन्यापेक्षा वरचढ आहे, १०० ग्रॅमला २४-२५. मुगाला उकळतं पाणी घालून अर्धा तास झाकलं तरी चालतं. आणि हे भिजवायचं काम तुमच्याकडेच कशाला? दीर रात्री मोबाईल पाहत बसत असतीलच. ज्यांना प्रोटीनची एवढी काळजी आहे त्यांनी रोज रात्री गंजात चना टाकून पाणी ओतावं. हे त्यांना माझ्या नावानं सांगा.

दुसरा दिवस बेसनाचा. याला कमी लेखू नका. १०० ग्रॅम बेसनात २१-२२ ग्रॅम प्रोटीन असतं. माणशी ४० ग्रॅम बेसनाचं चून (पिठलं) किंवा झुणका केला तर नऊ ग्रॅम तिथंच आले, भाकरी वेगळी. दहा मिनिटांचं काम, भिजवणं नाही, कुकर नाही. त्यात मेथी, पालक, कांद्याची पात, जे वाडीत असेल ते चिरून टाका. झुणका कोरडा केला तर वावरात दुपारपर्यंत चांगला राहतो, पातळ चून उन्हात लवकर उतरतं, ते घरीच संपवा. बाजारच्या सुट्या बेसनात स्वस्त डाळीची भेसळ असू शकते, त्यामुळे हरभरा डाळ घेऊन गिरणीतून दळून आणा. तेवढाच खात्रीचा.

आता पिठाचं, कारण खरी सवड त्यात मिळते. महिन्यातून एकदा, पाऊस लागला आणि वावरात जाता येत नाही अशा दिवशी, हे करून ठेवा. ज्वारी एक किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, मूग पाव किलो, उडीद डाळ पाव किलो. सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं, वर थोडे धने-जिरे, आणि गिरणीतून जरा भरड दळून आणायचं. या दोन किलो पिठात दर १०० ग्रॅमला १६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन पडतं. नुसत्या ज्वारीत ते दहा असतं. सकाळी पाणी, मीठ, तिखट, कांदा, सांबार घालून कालवलं की तव्यावर धिरडं होतं, घट्ट मळलं की थालीपीठ. मुलीची एसटी सातची आहे, तिला पावणेसातला तव्यावरून उतरलेलं धिरडं हातात देता येईल. दोन जाडसर धिरड्यांना ८० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे तेरा ग्रॅम. सोबत वाटीभर दही दिलं तर तिचा सकाळचा हिस्सा पुरा झाला आणि मिक्सर कुठंच लागला नाही. रात्रीचं वरण उरलं असेल तर पाण्याऐवजी तेच पिठात घाला. उन्हाळ्यात मात्र आधी वास घेऊन बघा.

दही कुठून आणायचं, असं विचाराल. म्हशीचं. सगळं दूध डेअरीच्या कॅनमध्ये ओतायच्या आधी एक लिटर घरात काढून ठेवा. म्हशीच्या दुधाच्या एका ग्लासात सात-आठ ग्रॅम प्रोटीन असतं. महिन्याला डेअरीच्या हिशेबात जेवढं कमी येईल ते कदाचित टोस्ट-बिस्किटांवर जाणाऱ्या पैशाएवढंच भरेल. एकदा बसून बेरीज करून पाहा, नवऱ्याला सोबत घेऊन.

सोयाबीनबद्दल मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या भागात पोत्यांनी पिकतं आणि स्वयंपाकघरात तेलाच्या पिशवीतूनच परत येतं. कडधान्यांत ३५ ग्रॅमच्या वर प्रोटीन देणारं दुसरं काही आपल्या वावरात नाही. पण ते कच्चं कधीही वापरायचं नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रोटीनचं पचन अडवणारे घटक असतात, पोट फुगतं, लेकरांना हागवण लागते. निवडलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात टाकून वीस-पंचवीस मिनिटं चांगलं उकळायचं, पाणी फेकायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं, मग दहा किलो गव्हात एक किलो या मापानं मिसळून दळून आणायचं. जास्त घातलं तर पोळीला उग्र वास येतो आणि सासूबाई पहिल्याच दिवशी ओळखतील. एवढ्या मापानं कणकेतलं प्रोटीन १०० ग्रॅमला ११ वरून १३ च्या वर जातं. थोडं वाटतं, पण ते रोजच्या प्रत्येक पोळीत आहे आणि सकाळचं एक मिनिटही त्याला लागत नाही.

इथं एक ताकीद. पेरणीतून उरलेलं सोयाबीनचं बियाणं खायला कधीच घेऊ नका. त्यावर बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया केलेली असते, धुऊन, उकळून ते जात नाही. उरलेली बियाण्याची थैली घरात धान्याच्या कोठीजवळही ठेवू नका, चुकून कोणी निवडायला घेईल. खायचं सोयाबीन ते घरच्या खळ्यावरचंच.

एवढा खटाटोप नको असेल तर किराणा दुकानात सोयाबीनच्या वड्या मिळतात. पंचवीस ग्रॅम कोरड्या वड्यांत तेरा ग्रॅम प्रोटीन. गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून पिळायच्या, चिरायच्या, आणि पोह्यांत, उपम्यात किंवा कुस्कऱ्यात टाकायच्या. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा तुमच्याकडे होतच असेल. त्यात या वड्या आणि मूठभर फल्लीदाणे पडले की तो टोस्टच्या कितीतरी पुढं जातो. फल्लीदाणे निवडताना सुरकुतलेले, काळे पडलेले, बुरशीचा वास येणारे दाणे बाजूला काढून फेकून द्या. भाजून ती खराबी जात नाही आणि ती यकृताला घातक असते.

थंडीत तुमच्याकडे तुरीचे सोले, ओला हरभरा, पोपटाच्या (वालाच्या) शेंगा असतील. त्या दिवसांत मला विचारूच नका, सोल्यांची उसळ करा आणि खा.

आता भाऊजींच्या डब्याचं. व्हे पावडर विष नाही. दुधापासूनच बनते, एका मापात २४ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि ते पचतंही चांगलं. पण एक किलोच्या डब्यात प्रोटीन भरतं पाऊण किलो, आणि रोज एक माप घेतलं तर डबा महिन्याभरात संपतो. त्याच अडीच हजारांत चन्याचा भाव बराच चढला तरी वीस किलो चना येतो. त्यात साडेतीन किलोच्या वर प्रोटीन आहे आणि तो घरातल्या सहाही जणांच्या ताटात जातो. शिवाय तालुक्याच्या दुकानात ‘प्रोटीन’ लिहिलेल्या अनेक डब्यांत पहिल्या ओळीत साखरच असते. डब्याच्या मागं घटकांची यादी असते, ती त्यांनाच वाचायला सांगा.

सोळाशे मीटर पळायचं, गोळा फेकायचा, तर त्यांना तुमच्यापेक्षा जास्त लागणारच. असा सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते दीड ग्रॅम पुरतं. वजन ६२ किलो असेल तर ७५ ते ९३ ग्रॅम. हे घरच्या अन्नात बसतं. पळून आल्यावर सातूचं पीठ. आपल्याकडे उन्हाळ्यात करतात तेच, पण बाराही महिने चालतं. डाळवं एक किलो आणि धुऊन, वाळवून, भाजलेला गहू अर्धा किलो, थोडी सुंठ घालून दळायचं. साठ ग्रॅम पीठ, गूळ आणि ग्लासभर दूध एकत्र कालवलं की अठरा-एकोणीस ग्रॅम. चूल पेटवायची नाही, वहिनीला उठवायचं नाही, स्वतः कालवायचं, प्यायचं आणि ग्लास धुऊन ठेवायचा. नंतर सगळ्यांसोबत उसळ-भाकर, तिथं आणखी वीस. दोन वेळच्या जेवणात वरण, दही आणि भरपूर पोळ्या धरून उरलेलं भरून निघतं. पळायला निघताना खिशात फुटाणे-गूळ असू द्या. अंडं खायचं असेल तर चौकातल्या गाडीवर दोन उकडलेली खाऊन यावीत, बारा-तेरा ग्रॅम मिळतील. सासूबाईंच्या चुलीवरून घरात वाद नको, त्यांचा नेम त्यांनी वर्षानुवर्षं पाळलाय. भरती जवळ आल्यावर शेवटच्या महिन्यात डबा घ्यायचाच म्हणाले तर घेऊ द्या, त्यांच्या पैशानं.

मुलगा गावच्याच शाळेत आहे, म्हणजे दुपारी त्याला शालेय पोषण आहार मिळतो. पहिली ते पाचवीसाठी त्यात १२ ग्रॅम प्रोटीनचं प्रमाण ठरलेलं आहे. त्याची फार चिंता करू नका, सकाळी एक धिरडं आणि अर्धा ग्लास दूध पुरे. घरात न्याहारीची सगळ्यात जास्त गरज मुलीला आणि तुम्हाला आहे, आणि बहुतेक घरांत नेमक्या याच दोघी सगळ्यात कमी खाऊन निघतात. म्हणून ताट वाढायचा क्रम बदला. मुलीसोबत पावणेसातला तुम्हीही बसा. उरलेल्या भाकरी कोणीही थापू शकतं, नाहीतर पंधरा मिनिटांनी थापता येतात.

सासूबाईंना उसळ चावणार नाही. त्यांना पातळ चून, मऊ मूगडाळ खिचडी, दुधात कालवलेला सातू द्या. म्हाताऱ्या माणसांच्या अंगातलं मांस झपाट्यानं झडतं, आणि नुसत्या चहात बुडवलेल्या टोस्टवर ते आणखी लवकर झडतं. त्यांना मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, तर डाळी वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारा. हा नियम घरात कोणालाही तो त्रास असेल तर लागू.

लाखोळीचं तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. माहेरची डाळ म्हणून तिच्यावर जीव असणार, आणि प्रोटीन तिच्यात खरंच भरपूर आहे. पण तिच्यात एक विषारी घटक असतो. अनेक आठवडे रोजच्या जेवणात मुख्य डाळ म्हणून तीच खाल्ली तर पायातली ताकद कायमची जाऊ शकते, लॅथिरिझम म्हणतात त्याला. म्हणूनच १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली होती. महाराष्ट्रानं पुढं ती उठवली, तरी रोज खायला ती मोकळी झाली असा त्याचा अर्थ घेऊ नका. अख्खी डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं तर तो घटक बराच कमी होतो. बेसनात ती सोयच राहत नाही, दळलं की सगळं पिठातच. तेव्हा लाखोळीचं बेसन रोजच्या न्याहारीला नको. कधीमधी भाजी किंवा वडे करायला, भिजवून आणि पाणी फेकून, हरकत नाही.

राहिले उपास. साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ शून्य आहे, खिचडीतलं जे काही ते दाण्याच्या कुटातलं. साबुदाणा निम्मा करा आणि कूट दुप्पट, सोबत दही. त्याहून बरं म्हणजे भगर आणि शेंगदाण्याची आमटी. राजगिऱ्यात १०० ग्रॅमला १३ ग्रॅम प्रोटीन असतं, म्हणून राजगिऱ्याचं थालीपीठ करा नाहीतर दोन लाडू ग्लासभर दुधासोबत घ्या. गुरुवारी घरात एकट्या तुमचाच उपास असेल, तर इतरांची उसळ आणि तुमचं उपासाचं असे दोन सयपाक नकोत. त्या दिवशी न्याहारीला सगळ्यांनाच भगर आणि आमटी द्या, शिदोरीपुरत्या पोळ्या आणि चून करा. मुलीला मात्र तुमच्यासोबत उपास धरू देऊ नका, निदान हिमोग्लोबिनचा आकडा हातात येईपर्यंत.